भावाच्या गोठ्यात म्हशी, आणि मी दूध सोडलेली

मटण सोडलं असं कुणाला सांगितलं तर लोक मान डोलावतात. "माळ घातली वाटतं," म्हणतात आणि विषय संपतो. आमच्या सांगली-सातारा भागात गळ्यात तुळशीची माळ असलेलं माणूस जवळजवळ प्रत्येक भावकीत असतं, त्यामुळे मांसाहार सोडण्याचं कुणाला नवल वाटत नाही. पण दूध सोडलं म्हणून सांगून बघा! समोरचा आधी तुमच्या चेहऱ्याकडे बघतो, मग आवाज खाली आणून विचारतो, "डॉक्टरांनी सांगितलंय का?"

मला हा प्रश्न दोन भाषांत ऐकावा लागला. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, सासरही तिकडचंच. विट्याच्या आसपासच्या गावांतली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, म्हणजे गलाईत, देशभर पसरलेली आहेत हे तुम्हाला माहीत असेल. तशीच आमच्या ह्यांची गलाई कोलकात्यात, बहूबाजारच्या एका गल्लीत. आणि घर दक्षिणेला बेहालात, सखेरबाजारजवळ. लग्न होऊन इथे आले त्याला बावीस वर्षं झाली. बंगाली बोलते, भाकरी थापते, आणि गेली तीन वर्षं दूध, दही, तूप, ताक, पनीर, मध यातलं काही खात नाही. मटण-मासे त्याच्या आधीच सुटले होते.

याला 'व्हीगन' म्हणतात. शब्द इंग्लंडमधला, १९४४ सालचा. डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांना दूध-अंडी न खाणाऱ्या शाकाहारी लोकांसाठी वेगळं नाव हवं होतं, त्यातून तो आला. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मी हा शब्द सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "नाव इंग्रजी हाय म्हंजे खर्चिक असणार." तसं ते नाही, पण त्याबद्दल पुढे.

का सोडलं, ते थोडक्यात सांगते. मी लहान असताना आमच्या म्हशीचं रेडकू मेलं. म्हैस पान्हावेना. वडिलांनी मग त्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून घेतला आणि धार काढताना ते म्हशीपुढे ठेवायला सुरुवात केली. म्हैस ते चाटायची आणि पान्हा सोडायची. आमच्या भागात ही काही जगावेगळी गोष्ट नव्हती आणि माझे वडील निर्दयी नव्हते. म्हैस आजारी पडली की ते रात्रभर गोठ्यात बसायचे. पण ते चाटणं माझ्या डोळ्यांपुढून कधी गेलं नाही. पुढे माझी मुलगी कॉलेजात गेली, आणि एकदा जेवताना तिनं सहज विचारलं, "आई, मामाकडे रेड्या मोठ्या होतात, मग रेडे कुठे जातात?" उत्तर मला माहीत होतं. मी ते दिलं. त्यानंतर आम्हा दोघींच्या घशाखाली दही सरळ उतरेना.

ठरवणं सोपं गेलं. शंका त्यानंतर आल्या, आणि त्यांच्याबद्दलच मला तुमच्याशी बोलायचं आहे. कारण तुमच्यापैकी कुणी या वळणावर उभं असेल, तर त्यांना सगळ्यात आधी शरीराची भीती वाटत असणार. मलाही वाटली. वय शेहेचाळीस, पाळी जायला आलेली, आईची हाडं साठीत ठिसूळ झालेली. दूध सोडून मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेय का, हा प्रश्न अगदी रास्त होता.

म्हणून आधी रक्त तपासून घेतलं. रोज दोन वेळा दुधाचा चहा आणि वाटीभर दही असूनही माझं बी-१२ कमीच निघालं! डॉक्टरीणबाईंना नवल वाटलं नाही. शाकाहारी भारतीयांत ही कमतरता सर्रास आढळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायांवर जे काम केलं, त्यातही ती मोठ्या प्रमाणावर दिसली होती. बी-१२ हे जीवनसत्त्व झाडं बनवत नाहीत आणि प्राणीही बनवत नाहीत. ते जिवाणू बनवतात. प्राण्यांच्या शरीरातून ते मांस, अंडी, दुधात उतरतं. म्हणजे दूध सोडलं की त्याचा तो थोडाफार आधारही जातो. याला कोथिंबीर, पालक, मोड आलेली मटकी असला कुठलाही घरगुती उपाय नाही. गोळी घ्यायची किंवा बी-१२ घातलेले पदार्थ खायचे. कुणी तुम्हाला "सगळं निसर्गात मिळतं" असं सांगत असेल, तर नमस्कार करून पुढे जा.

इथे मला गांधीजींची आठवण येते. त्यांनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं होतं. पुढे १९१८ मध्ये ते इतके आजारी पडले की वाचतील असं त्यांना स्वतःलाही वाटेना. तेव्हा कस्तुरबांनी तोड काढली: व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती ना, मग शेळीचं दूध घ्या. त्यांनी घेतलं, आणि ही गोष्ट त्यांना आयुष्यभर सलत राहिली. आत्मकथेत त्यांनी ते लिहून ठेवलं आहे. त्यांच्या आजारात कशाची कमतरता होती ते मी कोण सांगणार. पण बी-१२ शुद्ध रूपात पहिल्यांदा हाती आलं तेच १९४८ साली, म्हणजे गांधीजी गेले त्या वर्षी. माझ्या डब्यात जी गोळी आहे, ती त्यांना मिळणं शक्यच नव्हतं. हे कळल्यावर गोळी घेण्यातला माझा कमीपणा गेला. "गोळी घ्यावी लागते म्हणजे हा आहार अपुराच नाही का?" असं ह्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, अपुरा आहेच, म्हणून तर गोळी. ह्यांनाही तीच गोळी चालू आहे, मासे खाऊन!

हाडांचं मात्र ताटातच भागवता येतं, मन लावलं तर. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम म्हशीच्या दुधात ते १२० च्या आसपास असतं आणि तेवढ्याच नाचणीत ३५० च्या आसपास. तिळात आणि खसखशीत तर हजाराच्या वर, पण तीळ कुणी वाटीभर खात नाही आणि त्यातलं सगळं अंगीही लागत नाही. तरी चटणीत, भाकरीवर, वांग्याच्या रश्श्यात रोज दोन चमचे गेले की फरक पडतो. आणि खसखशीच्या बाबतीत तर मी योग्य गावी राहते. बंगाल्यांचं पोस्तो म्हणजे आपली खसखस. आपण ती चिमटीनं घालतो, हे लोक वाटून तिची भाजी करतात. आलू पोस्तो, दोडक्याचं झिंगे पोस्तो, वर कच्चं मोहरीचं तेल आणि हिरवी मिरची. खसखस महाग आहे, अफूच्या शेतीला सरकारी परवाना लागतो आणि बरीचशी बाहेरून येते, त्यामुळे हे रोजचं नाही. रविवारचं आहे.

प्रथिनांची काळजी मी फार केली नाही. ज्या घरात शेंगदाण्याचं कूट मिठासारखं वापरतात, उसळी, हुलगे, पिठलं आहे, तिथे ती काळजी फार मोठी नसते. इथे घरोघर सोयाबीनच्या वड्यांचा बटाटे घालून रस्सा करतात. सुक्या वड्यांत निम्म्याहून जास्त प्रथिनंच असतात. तो मी आठवड्यातून दोनदा करते. एक सांगायला हवं: तान्ह्या बाळाला सोयाचं किंवा बदामाचं घरगुती दूध हा आईच्या दुधाला पर्याय नाही. गरोदर असाल, मूल लहान असेल, मूत्रपिंडाचा वगैरे आजार असेल, तर माझं किंवा कुणाचंही लेखन वाचून काही सोडू नका, डॉक्टरांना विचारा.

आता चहा. खरं सांगू का, हाडांपेक्षा मला चहाची धास्ती जास्त होती. सकाळी सहाचा तो कप गेला तर माझं काय उरणार, असं वाटायचं. पण चहाच्या बाबतीत कोलकाता हे मोठं दयाळू शहर आहे. इथे कुठल्याही टपरीवर उभं राहून "लिकार चा" म्हटलं की मातीच्या भांड्यात बिनदुधाचा चहा मिळतो, आणि "लेबू चा" म्हटलं की त्यात लिंबू आणि काळं मीठ पडतं. कुणी वळूनसुद्धा बघत नाही. पुण्या-साताऱ्यात मला बिनदुधाच्या चहाची कारणं द्यावी लागतात. बेहाला चौरस्त्यावर लागत नाहीत.

या शहराची दुसरी बाजू मिठाईची. आमच्या घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत चालत गेलं तरी वाटेत मिठाईची तीन दुकानं लागतात, आणि तिन्हींत नव्वद टक्के माल छान्याचा, म्हणजे फाडलेल्या दुधाचा. नवीनचंद्र दासांनी बागबाजारात १८६८ साली रसगुल्ला केला असं इथे मानतात. 'बांगलार रसगुल्ला' म्हणून त्याला २०१७ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. इथे मिठाई खायला नको म्हणणं म्हणजे माणसाला नको म्हणण्यासारखं. विजयादशमीनंतर शेजारपाजारच्या मोठ्यांच्या पाया पडायला जायचं आणि त्यांनी बशीत जे ठेवलं असेल ते खायचं, ही इथली रीत. आमच्या समोरच्या काकीमा मला लग्नानंतर पहिल्या वर्षापासून 'बौमा' म्हणत आल्या आहेत, म्हणजे सूनबाई. मला बंगाली त्यांनीच शिकवलं. त्यांच्या बशीतल्या संदेशला नाही कसं म्हणायचं, या एका विचारानं मी निर्णय दोन महिने लांबवला होता.

शेवटी सणाची वाट न बघता आधीच त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. "ओ मा!" त्या म्हणाल्या, "दूध ना, दोई ना, छानाओ ना? ताहोले खाबे की?" मग खाणार काय! मी रेडकाची गोष्ट सांगितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी मला १९६५ ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी दुधाची एवढी टंचाई होती की प्रफुल्लचंद्र सेनांच्या सरकारनं छान्याच्या मिठायांवरच बंदी घातली. काकीमा तेव्हा शाळेत होत्या. कोलकात्यात संदेश नाही, रसगुल्ला नाही! "तरी विजया झालीच की," त्या म्हणाल्या, "आईनं नारळाचे नाडू केले." नारळ आणि गूळ, बस. त्या वर्षीपासून माझ्यासाठी नारळाचे नाडू वेगळ्या डब्यात असतात, आणि आता त्यांची नातवंडं माझाच डबा आधी संपवतात.

तुम्हाला हेच सुचवेन. सणाच्या दिवशी, चार माणसांत, भरल्या ताटावर बसून नकार देऊ नका. आधी सांगा, एकटीला गाठून सांगा. पाहुणचार करणाऱ्याला तयारीला वेळ मिळाला की त्याचा अपमान होत नाही.

बाहेर खाताना 'निरामिष' या शब्दावर मात्र विसंबून चालत नाही. त्यात मासे, मटण, अंडी नसतात, बऱ्याचदा कांदा-लसूणही नसतो, पण तूप-दूध बिनदिक्कत असतं. शुक्तो ही कडवट भाजी सगळी भाज्यांचीच, तरी शेवटी तिच्यात दूध घालतात. विचारून घ्यावं लागतं. बाकी हे मासेखाऊ लोक भाज्यांच्या बाबतीत आपल्याला लाजवतील. केळफुलाचा मोचार घोंटो करतात, हरभऱ्याच्या डाळीच्या वड्यांचा धोकार डालना करतात. कच्च्या फणसाला, म्हणजे एँचोडाला तर 'गाछपाठा' म्हणतात. गाछ म्हणजे झाड, पाठा म्हणजे बोकड! झाडावरचा बोकड आमच्या ह्यांनाही पटतो. मी फक्त शेवटचा चमचा तुपाऐवजी तेलाचा घालते.

पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याचंही तसंच. तो शाकाहाराचा, त्यात दूध येतं. कितीतरी साध्या बिस्किटांत 'मिल्क सॉलिड्स' असतात. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयनं २०२१ मध्ये वेगळं हिरवं चिन्ह जाहीर केलं, इंग्रजी 'व्ही' आणि त्यावर पान. पण ते चिन्ह असलेल्या वस्तू बऱ्याचदा महागड्या असतात आणि त्यांच्यावाचून माझं अडत नाही. आत्याबाईंची खर्चाची भीती त्या वस्तूंपुरती खरी. सोयाबीन रात्रभर भिजवून, वाटून, गाळून, चांगलं पंधरा मिनिटं उकळलं की दूध तयार. शेंगदाण्याच्या दुधाला हिरव्या मिरचीच्या देठांचं विरजण लावलं की दही लागतं. पहिल्या दोन वेळा ते बिघडलं, तिसऱ्यांदा लागलं. चव दह्यासारखी नसते, खोटं कशाला बोलू. पण काकडीच्या कोशिंबिरीत चालून जातं. ताकाची जागा सोलकढीनं घेतली, नारळ इथे काही कमी नाही.

घरातला प्रश्न आत्याबाईंचा होता. त्या माळकरी, पंढरीच्या वारीला जाऊन आलेल्या. "आगं पोरी, दुधात कुणाचा जीव जातुय?" त्यांनी विचारलं, आणि देवाच्या पंचामृताचं काय, हेही विचारलं. त्यांच्याशी वाद मी घातला नाही. त्यांच्या सत्तर वर्षांच्या श्रद्धेला माझ्या तीन महिन्यांच्या विचारानं धक्का द्यायचा मला काय अधिकार? घरात अर्धा लिटर दूध त्यांच्यासाठी आणि ह्यांच्यासाठी येतं. पंचामृत त्या करतात, तीर्थ म्हणून माझ्या हातावर मात्र तुळशीचं पाणी घालतात. ही तोड त्यांनीच काढली. मी आणि मुलगी एका बाजूला, त्या आणि हे दुसऱ्या बाजूला, असं एकाच ओट्यावर आमचं चाललं आहे. ज्यांना घर पूर्ण एका मताचं व्हावं असं वाटतं, त्यांना हे अर्धवट वाटेल. मला राहवतं.

मला राहवत नव्हतं ते एका गोष्टीवरून, आणि ती कुठल्या तक्त्यात किंवा पाककृतीत सुटणारी नव्हती. माझा भाऊ.

आमचा तालुका दुष्काळी. टेंभूचं पाणी आत्ता कुठे आलं. मी शिकत होते तेव्हा पाऊस आला तर पीक, नाही तर म्हैस. पिकाचा पैसा वर्षातून एकदा, तोही आला तर. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी. माझी कॉलेजची फी, एसटीचा पास, लग्नातली साडी, सगळं त्या बिलातून झालं. आई पहाटे धार काढून किटली डेअरीत घालायची आणि फॅट किती लागली ते कार्डावर लिहून आणायची. फॅट कमी लागली की त्या दिवशी ती कुणाशी बोलायची नाही. आणि गंमत सांगू? आम्ही पोरं कोरा चहा पीत मोठी झालो. दूध विकायचं होतं, प्यायचं नव्हतं. कोलकात्याच्या 'लिकार चा'ची चव मला इतकी ओळखीची का वाटली, ते लक्षात यायला मला बरेच दिवस लागले.

भावाकडे आज चार म्हशी आहेत, दोन पोरं शाळेत आहेत. मी दूध सोडलं हे त्याला फोनवर सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "मग आता आमी म्हशी इकाव्या का, आक्का?"

तो रागावून म्हणाला नव्हता, म्हणून जास्त लागलं. ज्या दुधानं मला इथवर आणलं, त्याकडे बेहालातल्या पक्क्या घरात बसून बोट दाखवणं सोपं आहे, हे मलाही दिसत होतं. मी त्याला म्हटलं, तू काय करावंस ते मी सांगत नाही. मी काय खाते तेवढंच सांगितलं. त्याला ते पटलं असं नाही. मलाही ते पुरेसं वाटत नाही. रेडकाचं जे होतं ते त्याच्या गोठ्यातही होतं, आणि म्हशी विकल्या तर दहा दिवसांचं बिल देणारं दुसरं काही त्याच्याकडे नाही, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांतली एक खोटी ठरवली असती तर माझं मन शांत झालं असतं. तसं मी करू शकले नाही, आणि तरीही दूध सोडता आलं. ही शंका मिटल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही असं ठरवलं असतं, तर मी अजून तिथेच उभी असते.

त्याच्याकडून मी आता शेंगदाणे, हुलगे, तीळ आणि शाळू घेते, बाजारभावानं. कुणी ना कुणी गलाईवाला आझाद हिंद एक्स्प्रेसनं हावड्याला येत असतोच, त्याच्या सामानात पोतं टाकतो. दुधाच्या बिलापुढे हा पैसा काहीच नाही, ते आम्हा दोघांनाही माहीत आहे.

गेल्या दिवाळीत माहेरी गेले. भावजयीनं न विचारता माझ्यापुढे गूळ घातलेला कोरा चहा ठेवला. भाऊ डेअरीतून परत आला, किटली ओसरीवर पालथी घातली आणि आत येता येता म्हणाला, "सात-दोन लागली आज." म्हणजे फॅट. चांगली लागली होती. मला आनंद झाला, आणि तो मी त्याच्यापासून लपवला नाही.